अकरा मुठी

“‘जेवणाचा चमचा, लोखंडी. दांडा घासून टोकदार केलेला. लांबी सात इंच. मुठीला सुतळी गुंडाळलेली.’” इंगवले सुभेदारांनी रजिस्टरमधून मान वर काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “जमंल?”

जेलचा सुभेदारच कैद्याला विचारतो की हत्यार करायला जमेल का, तेव्हा काय उत्तर द्यायचं असतं, हे मला चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

“म्हेत्रे, तुला इचारतोय.”

“साहेब, पण कशासाठी?”

“आदी जमंल का न्हाई ते सांग. कशासाटी ते मागनं.”

आम्ही जेलच्या विणकाम विभागात बसलो होतो. माग बंद होते, दाराशी शिपाई उभा होता. माझ्या शेजारी हिंदूराव तात्या उकिडवे बसले होते. तात्या आमच्या बराकीतले सगळ्यात जुने. घरफोडीच्या पायी तीस वर्षं त्यांचं आत-बाहेर चालू होतं, आणि बाहेरचा मुक्काम दरवेळी थोडा कमी व्हायचा. त्यांनी मान लांब करून रजिस्टरात डोकावलं.

“सुभेदार, ह्यो चमचा माझा हाय.”

“म्हाईत हाय. नाव लिवलंय तुमचं. सत्त्याऐंशी साल.”

“पर सात न्हाई, आट इंच हुता. लिवणाऱ्यानं एक इंच खाल्लाय.”

“तात्या, तुम्ही जरा गप ऱ्हावा.”

मग सुभेदारांनी सगळं सांगितलं. सांगताना ते दारातल्या शिपायाकडंही बघत नव्हते.

दरवर्षी जेलचा अहवाल वरती जायचा. त्यात एक ओळ ठरलेली असायची: कैद्यांकडून जप्त केलेली हत्यारं कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी काचेच्या कपाटात मांडून ठेवली आहेत. कपाट खरंच होतं. त्यात सुभेदारांचा जेवणाचा डबा आणि गणपतीच्या आरासीचं सामान असायचं. हत्यारं मात्र एक एक करून पांगली होती. काही भंगारात गेली. एक एका हवालदाराच्या घरी नारळ सोलायला होतं. बादलीच्या पट्टीचा एक सुरा खुद्द इंगवल्यांच्या स्वयंपाकघरात होता. आता वार्षिक तपासणीला उपमहानिरीक्षक यायचे होते, आठ दिवसांनी, आणि हे नवे साहेब कागदावर लिहिलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढं सरकत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

“मग तुमच्या घरचा तेवढा आणा की परत,” तात्या म्हणाले.

“मंडळी देत न्हाईत. कांदा दुसऱ्या कशानं चिरतच न्हाईत.”

रजिस्टरात अकरा हत्यारं होती. अकराच्या अकरा करायची होती, लिहिलेल्या मापाची, लिहिलेल्या वस्तूंची. मी बाहेर असताना यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्यामुळं लोखंडाशी माझी ओळख होती. तात्यांना जुनं सगळं आठवत होतं. आणि आम्ही दोघंही पक्के म्हणजे शिक्षा लागलेले कैदी, कुठं पळून जाणार नव्हतो.

“आणि तुझा रजेचा अर्ज,” सुभेदार आवाज खाली आणून म्हणाले, “त्याच दिवशी सायबांच्या म्होरं ठेवतो. अधीक्षकांची शिफारस लावून. बग.”

मी लगेच हो म्हणालो.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आता मी साठी ओलांडली आहे आणि नातवंडं मला नेमस्त माणूस समजतात. तेव्हा मी सात वर्षांची शिक्षा भोगत होतो, आणि तीही एका हत्यारामुळंच. आमच्या कारखान्यात मुकादमानं एका म्हाताऱ्या कामगाराच्या कानाखाली मारली. माझ्या हातात धोटा होता. धोटा म्हणजे मागावर बाण्याचा, आडवा धागा इकडून तिकडं नेणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेलं. तो मी फेकला. माझा नेम उभ्या आयुष्यात कधी लागलेला नव्हता. लहानपणी कैरीला मारलेला दगड माझ्याकडून शेजारच्या कौलांवर पडायचा. त्या दिवशी मात्र लागला आणि मुकादमाचा एक डोळा गेला. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. कोर्टानं निकालात लिहिलं की आरोपीनं प्राणघातक हत्यार वापरलं. त्या हत्यारानं मी चौदा वर्षं लोकांची धोतरं विणली होती.

मला पकडलं तेव्हा माझे वडील मिरजेला दवाखान्यात होते, डोळ्यांसाठी. नजर जवळजवळ गेलीच होती आणि छातीतही काही राहिलं नव्हतं. जन्मभर हातमागावर बसून कापसाची धूळ ओढल्यावर जे होतं ते झालं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. आईनं ते इतकं मनावर घेतलं की आप्पा घरी आले तेव्हा मी सुरतेला गेलेलो होतो. चांगली नोकरी, मोठा मालक, रजा नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला आईनं हे बजावून ठेवलं होतं, आणि आमची गल्ली दुसऱ्या कुठल्या बाबतीत एकमतानं वागल्याचं मला आठवत नाही.

मी सुरतेला कधी गेलेलो नाही. तरी चार वर्षं मी दर महिन्याला सुरतेहून पत्र लिहायचो. आई मुलाखतीला यायची, पत्र घेऊन जायची आणि शेजारचा शिक्षक ते आप्पांना वाचून दाखवायचा. तिथली नदी, तिथला उकाडा, मालकाच्या पोरीचं लग्न, सगळं मी माझ्या मनानं लिहीत होतो. आणि दर पत्राच्या शेवटी, दिवाळीला येतो. चार दिवाळ्या गेल्या. संचित रजेचा म्हणजे फर्लोचा माझा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता, कारण पोलिसांचा अहवाल उलटा यायचा. शेवटच्या मुलाखतीला आई जाळीपलीकडून म्हणाली, “दिनू, ते आता जेवत न्हाईत. ही दिवाळी गाठत्यात का न्हाई कुणास ठावं. काय पण कर आन ये.”

म्हणून मी हो म्हणालो. सुभेदारांनी तोफ करायला सांगितली असती तरी म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला जेलकडून रीतसर सामान मिळायला लागलं. चमचे, एक गंजकी बादली, खिडकीची बिजागरी, दात घासायचे दोन ब्रश, फरशीचा तुकडा, पायमोजा. पायमोजात साबणाची वडी घालून, वर सुतळीची मूठ बांधून केलेलं एक हत्यार यादीत होतं. तात्यांनी त्याला नाक मुरडलं.

“ह्याला हत्यार म्हणायचं? ह्यो लिवणाऱ्याचा आकडा वाढवायचा धंदा. कुणाचं तरी धुणं पकडलंया.”

आमच्यावर पहाऱ्याला एक शिपाई होता. काम झालं की तो आमची झडती घ्यायचा, आम्ही स्वतः केलेलं हत्यार बराकीत नेऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानं कानस धरून दिली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, बिजागरीचं टोक जरा अजून निमुळतं पाहिजे. चौथ्या दिवशी आणखी दोन शिपाई बघायला आले आणि ब्याण्णव साली अमक्या बराकीत सापडलेली पट्टी सरळ होती की वाकडी, यावर त्यांचं भांडण झालं.

तात्या पोत्यावर बसून देखरेख करायचे. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी कधीतरी कुणाच्या तरी तिजोरीच्या दारात गमावली होती, त्यामुळं बारीक काम ते करत नसत. पण त्यांना माहिती सगळी होती. जेलात राहून माणूस काय काय करू शकतो ते मी त्या आठ दिवसांत ऐकलं. औषधांच्या खोक्यांचे पत्ते, पिठाच्या सोंगट्या, तारेची सुई, पत्र्याच्या डब्याची चूल. एकानं म्हणे प्लास्टिकच्या पिशव्या वळून दोरी केली होती. ती पकडली गेली तेव्हा तिच्यावर बराकभर धुणं वाळत होतं.

“तात्या, तुम्ही तो चमचा कुणाला मारायला केला होता?” मी विचारलं.

“कुणाला बी न्हाई.”

“मग?”

“हत्यार मारायला नसतंय, जॉबर. झोप लागायला असतंय. उशाखाली हाय म्हनलं की डोळा लागतो. माझं पकडलं त्यानंतर म्हैनाभर मी टक्क जागा.”

चमचा मी आठ इंचांचा केला, त्यांच्यासाठी. सुभेदारांनी पट्टीनं मोजला आणि एक इंच कमी करायला लावला. तात्या दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची दुसरी तक्रार वेगळी होती. मी केलेलं एकेक हत्यार हातात घेऊन ते उलटसुलट करायचे आणि मान हलवायचे.

“लई देखणं झालंय रं.”

“मग बरं झालं की.”

“बरं कुटलं? जेलात येवढं देखणं कोण करतंय? संडासात बसून, शिपायाची चाहूल घेत केल्यागत दिसाय पायजे. हे तुझं तर दुकानात ठेवल्यागत दिसतंय.”

त्यांचं खरं होतं. मी ठरवून वेडंवाकडं करायला बसायचो आणि हात आपोआप सरळ करायचा. मुठींचं तर विचारूच नका. मूठ म्हणजे धरायच्या ठिकाणी घट्ट गुंडाळलेला दोरा किंवा चिंधी. पात्यांना मी निदान थोडा गंज तरी चढवला, पण दोरा हातात आल्यावर मला राहवलं नाही. एकाला एक लागून वेढे, मध्ये फट नाही, आणि शेवटी टोक आत दाबून गाठ.

“उलटं गुंडाळतोस की,” तात्या एकदा म्हणाले.

“आमच्या आप्पांनी तसंच शिकवलंय. ते डावरे. मी जेवतो उजव्या हातानं, पण धागा डाव्या हातानंच जोडतो.”

“असू दे. घट्ट बसलंय,” तात्या म्हणाले आणि तो विषय तिथंच राहिला. आम्ही दोघं, सुभेदार, तीन शिपाई, एवढ्या माणसांनी ती हत्यारं हातात घेऊन पारखली. कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

तपासणीच्या दिवशी कपाटातून आरासीचं सामान काढलं, काचा पुसल्या आणि टेबलावर हिरवं कापड अंथरून अकराच्या अकरा ओळीनं मांडली. प्रत्येकापुढं चिठ्ठी होती: साल, बराक, कैद्याचं नाव. आम्हा विणकाम विभागातल्या कैद्यांना धुतलेले कपडे घालून भिंतीशी उभं केलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यावर अर्जांच्या फायली होत्या आणि सगळ्यात वर माझी होती. इंगवले शब्दाला जागले होते.

मोठे साहेब आले. किरकोळ अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, आवाज हळू. त्यांनी पहिलं हत्यार उचललं. पातं बघतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी मूठ बघितली. ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं. मग ते पहिल्याकडं परत गेले. त्याच क्षणी मलाही दिसलं. अकरा मुठी एका ओळीत ठेवल्यावर आंधळ्यालाही दिसलं असतं.

“हे सत्त्याऐंशी सालचं,” साहेब म्हणाले. “हे नव्वद. हे ब्याण्णव. हे गेल्या वर्षीचं.”

“होय सर,” अधीक्षक म्हणाले.

“अकरा वेगवेगळे कैदी. वेगवेगळ्या बराकी.”

“होय सर.”

“आणि अकराही डावखुरे?”

साहेबांनी चमचा उभा धरला आणि बोटानं वेढे दाखवले. “सगळ्यांचा दोरा उजवीकडून डावीकडे. सगळ्यांची एकच गाठ, टोक आत दाबलेलं. अधीक्षक, हा योगायोग असेल तर मोठा आहे. नसेल तर या जेलमध्ये एकच माणूस दहा वर्षं हत्यारं करतोय आणि तुम्ही दरवेळी दुसऱ्यालाच पकडताय.”

अधीक्षकांनी सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदारांनी खाली पाहिलं. इंगवल्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. ते खरं बोलले असते तर त्यांची नोकरी गेली असती. मी खरं बोललो असतो तर नोकरी त्यांची गेली असतीच, शिवाय जेलात हत्यार केल्याचा गुन्हा माझ्यावर लागला असता आणि रजा गेली असती. आणि पुढची तीन वर्षं मला याच शिपायांच्या हाताखाली काढायची होती. कुणीच बोललं नसतं तर सगळ्या विभागाला शिक्षा झाली असती. आप्पांना काय लिहायचं, हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवायला लागलो होतो. मालकाच्या दुसऱ्या पोरीचं लग्न निघालं आहे.

“कोण?” साहेबांनी विचारलं.

“मी, सायेब.”

तात्या एक पाऊल पुढं आले होते. हात जोडलेले, चेहरा गरीब गाईचा.

“ही सगळी तुम्ही केली?”

“व्हय सायेब. म्हातारपणी आता खोटं कशाला बोलू. मी करत गेलो, नावं दुसऱ्याची लागत गेली. माझं काय, बाहीर कोण न्हाई, रजा न्हाई. काय शिक्षा द्याची ती द्या.”

साहेबांनी तात्यांच्या हाताकडं पाहिलं, मग टेबलावरच्या फायलीचा बंद सोडला आणि तो दोरा त्यांच्या हातात दिला. बरोबर माझ्या फायलीचा बंद.

“एक गाठ मारून दाखवा. अशीच.”

तात्यांनी दोरा घेतला. तीन बोटांनी एक टोक धरलं, दुसरं दातात. दोरा सुटला. पुन्हा धरला. ओठ, दात, हनुवटी, सगळं कामाला लावून त्यांनी शेवटी जे केलं ती गाठ नव्हती, गुंता होता. एक शिपाई हसला आणि लगेच खोकला.

मी पुढं झालो. विचार करून झालो म्हणेन तर ते खोटं होईल. तात्यांच्या दातातला तो दोरा मला बघवेना.

“मुठी माझ्या आहेत साहेब,” मी म्हणालो. तात्यांच्या हातातून दोरा घेतला, डाव्या हातानं वेढा दिला, टोक आत दाबलं. श्वास घ्यायच्या आत झालं. चार वर्षांच्या वयापासून मारत आलेली गाठ, तिला वेळ कशाला लागतो.

“मुठी तुझ्या. आणि हत्यारं?”

“हत्यारं ज्याची त्याची साहेब. मुठींचा दोरा उंदरांनी खाल्ला होता. तपासणी आहे म्हणून मी नवीन बांधून दिल्या. विणकामात आहे ना मी. दोऱ्याचं काम माझ्याकडंच येतं.”

जेलात चार वर्षं राहून मी स्वतःसाठी केलेलं हत्यार म्हणाल तर हेच खोटं, आणि ते हाताशी होतं त्यातूनच केलेलं.

“उंदरांचा फार उपद्रव आहे सर,” अधीक्षक एकदम म्हणाले. त्यांना कंठ फुटला होता. “वरती दोनदा कळवलंय.”

“उंदीर दोरा खातात. मग दहा वर्षांत पाती इतकी चांगली कशी राहिली?”

“तेलपाणी करतो सर,” इंगवले म्हणाले. “दर म्हैन्याला.”

“कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाटी,” तात्यांनी जोड दिली.

साहेबांनी आमच्या चौघांकडं आळीपाळीनं पाहिलं. एकेकाला तोलत होते बहुतेक. मग त्यांनी बिजागरीचं हत्यार उचलून हिरव्या कापडावर परत ठेवलं, अगदी सांभाळून.

“पाती कुणाची, हे मी विचारत नाही,” ते म्हणाले. “विचारलं तर उत्तर लिहून घ्यावं लागेल, आणि मग मला इथं चार दिवस मुक्काम करावा लागेल. तुमच्या जेवणाचा वास मला आल्याबरोबर आला आहे. सुभेदार, हातोडा आणा.”

अकराच्या अकरा त्यांनी आमच्यासमोर मोडायला लावली. इंगवल्यांनी स्वतः मोडली. चमचा मोडताना तात्यांनी तोंड फिरवलं. आठ दिवसांचं माझं काम पाच मिनिटांत भंगार झालं, आणि खरं सांगतो, रजेची धाकधूक होती तरीही मला त्या मुठींसाठी हळहळ वाटली.

मग साहेबांनी माझी सुटलेली फाईल उघडली.

“दिनकर म्हेत्रे. कारण, वडील आजारी. हे खरं आहे, की यालाही मूठ बांधली आहे?”

“खरं आहे साहेब.”

“मुलाखतीला किती वेळा आले?”

“एकदाही नाही. त्यांना माहीत नाही. त्यांच्या मते मी सुरतेला आहे.”

“कधीपासून?”

“चार वर्षं.”

साहेब वाचत होते ते थांबले. मिशा थोड्या हलल्या. पुढचं काही न वाचता त्यांनी सही केली.

“चौदा दिवस. पंधराव्या दिवशी सकाळी गेटवर हजर. उंदरांचं कारण चालणार नाही.”

बराकीत आल्यावर मी तात्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. चांगलेच रागावले होते.

“तीस वर्सं पोलिसांनी मारून मारून माझ्याकडनं एक कबुली काढली न्हाई. आज पयल्यांदा आपणहून दिली, ती बी खोटी. आन तू मदी येऊन मोडलीस.”

“तात्या, तुम्हाला गाठ येत नव्हती.”

“आणखी एक डाव दिला असता तर आली असती,” ते म्हणाले.

आई बस स्टँडवर घ्यायला आली होती. भेटल्यावर रडली नाही. पदराखालून तिनं मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा काढला. त्याच्यावरचं दुकानाचं नाव तिनं ओल्या फडक्यानं घासघासून काढलं होतं, फक्त ‘शुद्ध तूप’ एवढं राहिलं होतं.

“हे सुरतेचं म्हणून द्याचं. उकाडा लई हाय म्हणाचं. आन अंगानं उतरलाईस, तर मेसचं जेवण म्हणून सांगाचं.”

जेलातल्या कुणाला मी इतक्या थोड्या सामानात इतकं काम करताना पाहिलं नव्हतं.

आप्पा मागच्या खोलीत खाटेवर होते. अंगावर निळ्या पट्ट्यांची जाडीभरडी चादर. मी हात धरला तर हात कुठला, नुसत्या काड्या. मी सुरतेचं बोलायला लागलो. नदी, उकाडा, मालक. ते मान डोलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, “अगं, ह्याला च्या टाक की.”

आई स्वयंपाकघरात गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाला तशी आप्पांनी माझा हात ओढून चादरीखाली नेला आणि माझं बोट चादरीच्या उलट्या बाजूला एका जागी ठेवलं.

बोटाला गाठ लागली. टोक डावीकडं, आत दाबलेलं.

“तुझी आई ह्या चादरीला बाजारातली म्हणती,” आप्पा हळू म्हणाले. “तीन वर्सं झाली आणून. अंगावर घेतली त्याच दिशी बोटाला लागली. ही गाट मी मारतोय न्हाईतर तू मारतोयस. मी तर हितं पडलोय. आन तुझी सुरत लांब. हिला येवढ्या जवळ सुरतेची चादर कुटं मिळाली? शिक्षकाला खोदून इचारलं. त्यानं सांगितलं, जेलच्या दुकानातली म्हणून. मग बाकीचं बी सगळं.”

मी त्या गाठीवरचं बोट काढलं नाही.

“आट गाटी हाईत. मोजल्यात. लई धागा तुटतोय तितं. सूत हलकं देत्यात?”

“हलकंच हाय आप्पा.”

“वाटलंच.” त्यांना धाप लागली. “त्येचा डोळा गेला ते खरं?”

“खरं.”

“वंगाळ केलंस.”

“व्हय आप्पा.”

मी रडत होतो. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांचा हात माझ्या तोंडावरून फिरत होता, तेव्हा कळलंच असणार. स्टोव्ह बंद झाला. आप्पांनी घाईनं चादर सारखी केली.

“तिला कळू दिऊ नगंस, मला ठावं हाय ते. चार वर्सं राबतीया बिचारी त्या सुरतेवर.”

आई चहा घेऊन आली. आप्पा आवाज चढवून म्हणाले, “मग काय रं, परत कदी जाणार सुरतेला?”

“पंधराव्या दिवशी सकाळी हजर व्हायचंय.”

“येळंवर जा. मालक कडक हाय म्हणत्यात.”

“लई कडक हाय,” आई म्हणाली आणि त्यांच्यासाठी बशीत चहा ओतला.

आप्पा पौषात गेले. जेलात मला निरोप पोचला तोवर सगळं उरकलं होतं. आईनं गल्लीला सांगितलं, दिनू सुरतेहून निघाला होता, पण गाडी चुकली. साऱ्या गल्लीत एकानंही विचारलं नाही, कुठली गाडी.